उंबऱ्याबाहेरची सळई

वारंगा फाट्यावर गाडी थांबली की लोक खिचडी मागतात. नांदेडहून हिंगोलीकडे जाणारा असो, नाहीतर तुळजापूर-नागपूर रस्त्यानं यवतमाळ गाठायला निघालेला, इथं उतरून वाफाळत्या खिचडीची प्लेट घेतल्याशिवाय त्याला पुढं जाववत नाही. मीही शाळेत होतो तेव्हापासून तीच खात आलो. गेल्या मे महिन्यात मात्र फाट्यापासून थोड्या अंतरावर एका ढाब्याच्या भट्टीसमोर माझे पाय थांबले. दिवस मावळला होता, तरी डांबराची झळ पोटऱ्यांना लागत होती. भट्टीशी एक पोरगा लोखंडाच्या चपट्या सळईवर माशाचे तुकडे ओवत होता. कटला होता, कातडीसकट कापलेला. प्रत्येक तुकडा अंगठ्यानं चाचपून तो सळई काट्याच्या अगदी लगत घालायचा, म्हणजे भाजताना मांस सुटून निखाऱ्यात पडत नाही. दोन तुकड्यांमध्ये बोटभर जागा सोडायचा. सगळं झालं की सळई उभी धरून जास्तीचा मसाला खालच्या परातीत निथळू द्यायचा.

"सळई चपटी का रे?" मी विचारलं.

"गोल घेतली की पलटताना नुसती सळईच फिरते सर, मासा हाय तिथंच ऱ्हातो."

"कुठं शिकलास?"

"हे पंजाबी हाय," तो म्हणाला, आणि भट्टीवरचं झाकण सरकवलं.

समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. आजूबाजूला सोयाबीन, हळद आणि तूर. शेजारी नामदेवांची नरसी, औंढ्याचा नागनाथ, घरोघर माळकरी. अशा जागी सळईवर भाजलेला तिखट मासा कुठून आला? ‘पंजाबी’ हे उत्तर घेऊन मी घरी आलो आणि तेव्हापासून त्याच्या मागं लागलो आहे.

पोरगा खोटं सांगत नव्हता. तंदूर पंजाबी गावातला, रोट्या भाजायचा. फाळणीत पेशावर सोडून आलेल्या कुंदनलाल गुजराल आणि त्यांच्या भागीदारांनी १९४७ साली दिल्लीच्या दर्यागंजात ‘मोती महल’ उघडलं. दही-मसाल्यात मुरवलेली, सळईला लावून तंदुरात सोडलेली कोंबडी तिथून देशभर गेली. कोंबडीमागून पनीर आलं, मासा आला, आणि ट्रकच्या रस्त्यानं ते सगळं ढाब्याढाब्यावर पोचलं. आमच्या बाजूला तर पंजाबची एक जुनी वाटही आहे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेडला देह ठेवला. हुजूर साहिबच्या दर्शनाला तिकडून येणारी माणसं तेव्हापासून कधी थांबली नाहीत आणि कित्येक घरं गोदावरीकाठी कायमची राहिली. त्या पोराच्या परातीत ओवा होता. आपल्याकडे ओवा भज्यात पडतो, बाळंतिणीच्या पोटात जातो. माशाला ओवा लावायची रीत अमृतसरची.

पण तोच पोरगा आतल्या माणसाला हाक मारून सांगत होता, "दोन सीख लावल्या बघा." सीख हा फारसी शब्द. तो आमच्याकडे दिल्लीवरून यायची गरज नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि दफ्तर, कचेरी, तालुका यांच्याबरोबर कबाब, सीख, कोयला हे शब्दही इथल्या बोलीत मुरले होते. रमजानच्या रात्री नांदेडात किंवा हिंगोलीत फिरा. पत्र्याच्या लांबट शेगडीवर ओळीनं सळया, पंख्यानं वारा घालणारा माणूस, चरबीचा थेंब पडला की उठणारी भुरकी. ढाब्याच्या तंदुराहून ही शेगडी इथं पुष्कळ जुनी आहे.

इथवर आलं की बहुतेक लोक हिशेब मिटवतात. तंदूर पंजाबी, कबाब मुसलमानी, म्हणजे सळईवर भाजणं हेच मुळी आपलं नव्हे. मला हे कधीच पटलं नाही. आमचं घर माळकरी असूनही मी लहानपणी सळईवरचा मासा खाल्ला होता, आणि तो खाऊ घालणाऱ्या मामानं कबाबाची शेगडी कधी पाहिली असेल असं मला वाटत नाही. ती सळई निरगुडीच्या ओल्या काडीची होती. तिच्याकडे येतोच.

त्याआधी कल्याणीला जाऊ. वारंग्यावरून जो रस्ता अकोल्याहून हिंगोली, नांदेड करत देगलूरला जातो, तोच पुढं तेलंगणात शिरतो. देगलूरजवळ होट्टलची मंदिरं आहेत, उत्तरकालीन चालुक्यांच्या काळातली. त्या चालुक्यांची राजधानी म्हणजे कल्याणी, आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यात. म्हणजे मी जिथं उभा होतो तो रस्ता आणि ती राजधानी एकाच मुलखातली. त्या गादीवर बाराव्या शतकात तिसरा सोमेश्वर बसला आणि ११३०च्या सुमारास त्यानं ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती, शंभर अध्याय. राज्य कसं मिळवावं, कसं राखावं यापासून हत्ती, रत्नं, गाणं, खेळ, जेवण इथपर्यंत राजाला जे जे लागतं ते सगळं त्यात आहे. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये १९२५ पासून श्रीगोंदेकरांनी तो संपादून छापला, म्हणून आपल्यासारख्यांच्या हाती पडतो.

सोमेश्वराच्या स्वयंपाकघरात ‘भडित्रक’ नावाचा प्रकार होतो. मांसाला भोकं पाडायची, त्यांत मसाला भरायचा आणि शुळावर लावून निखाऱ्यावर भाजायचं. काळजाचे सुपारीएवढे तुकडे करून निखाऱ्यावर भाजायची कृतीही आहे. माशाची कृती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक खाली ठेवून उठलो होतो. मासा साफ करून तेल-मीठ चोळायचं, म्हणजे वास जातो. मग हळदीच्या पाण्यानं धुवायचा, फडक्यात दाबून पाणी काढायचं, मग चिंचेचा कोळ. तो मासा पुढं गव्हाच्या पिठात घोळून तेलात तळला जातो, वरून मिरे आणि वेलदोड्याची पूड. तेल सोडलं तर तळण्याआधीचा प्रत्येक टप्पा मी मामाच्या हातून घडताना पाहिला होता, त्याच क्रमानं. मामा चौथी शिकलेला होता.

या राजाला माशांचा नाद होता. त्याच ग्रंथात मत्स्यविनोद म्हणून एक भाग आहे. कोणता मासा समुद्रातला, कोणता नदीतला, कोणाला कसलं आमिष लावावं, गळ कसा असावा हे तो इतक्या बारकाईनं सांगतो की प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला. राजवाड्यात बसून हे सुचत नाही. काठावर बसलेल्या माणसांना कोणीतरी विचारलं असणार, आणि त्या माणसांची नावं ग्रंथात आलेली नाहीत.

भडित्रक हा शब्द सोमेश्वरानं घडवला नव्हता. अमरकोशात शूल्य आणि भटित्र हे एकाच अर्थाचे शब्द म्हणून येतात, शुळावर भाजलेलं मांस. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात विदूषक कुरकुरतो. दुष्यंत राजाच्या शिकारीपायी रानोरान हिंडावं लागतं, जेवणाला वेळ नाही, आणि मिळतं तेही बहुतेक शूल्यमांसच. त्याच नाटकाच्या सहाव्या अंकात धीवर येतो, त्याला अंगठी सापडते ती रोहित माशाच्या पोटात. रोहित म्हणजे आपला रोहू. कालिदासाचा रोहू आजही ईसापूरच्या धरणातून निघून फाट्याच्या भट्टीवर चढतो, याचं मला फार नवल वाटतं.

मग शूल्य हा शब्द मराठीत कुठं गेला? राजस्थानात तो टिकला. तिथल्या राजपूत घरांत निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाला अजून सुळे म्हणतात. आपल्याकडे शूल पोटात उठायला लागला आणि सूळ गुन्हेगारासाठी राहिला. ताटाशी जोडलेला अर्थ पुसला गेला. कामाला राहिली ती सळई, शलाकेची लेक. खिडकीला सळई, स्लॅबला सळई. स्वयंपाकघरात मात्र तिला जागा नाही. आमच्याकडच्या घरातली भांडी मोजा: तवा, कढई, पातेलं, उलथनं, चिमटा, पळी. मांस-मच्छी भाजायची सळई या यादीत नसते. हे मला कोड्यात टाकत होतं, आणि ते सुटलं ते मामाच्या आठवणीनं.

आमच्या आजोबांच्या गळ्यात माळ होती. आषाढी-कार्तिकी त्यांनी चुकवली नाही. त्यामुळे घरात मासा शिजणं शक्य नव्हतं. चूल बाटते, भांडं बाटतं. ज्या पातेल्यात एकदा मासा शिजला ते पुन्हा वरणाला चालत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा आम्हा पोरांना कयाधूवर न्यायचा. चैत्र सरता सरता कयाधूची धार तुटते, राहतात ते डोह. पाणी गुडघ्याएवढं आणि त्यात अडकलेले मासे. मरळ, वाम, कधी ओंजळभर झिंगे. जाळं भोयाकडून मागून आणलेलं. भोयांची पोरं आमच्यासोबत असायचीच, खरं तर आम्ही त्यांच्यासोबत असायचो. काठावर तीन दगड, पऱ्हाट्यांचा जाळ, त्यावर बाभळीचे दोन ओंडके, कारण पऱ्हाटीचा निखारा लगेच राख होतो आणि बाभळीचा टिकतो. मासा साफ करायला नदी, धरायला निरगुडीची काडी, ठेवायला पळसाचं पान. घरून आणलेलं एवढंच: कागदाच्या पुड्यांत मीठ, हळद, तिखट आणि चिंचेचं एक बोटूक. एकही भांडं लागलं नाही. घरी परतताना आमच्या हाताला वास येऊ नये म्हणून मामा वाळूनं हात घासायला लावायचा.

सळईला भांडं लागत नाही, आणि तिची सगळी गोष्ट इथं आहे. दुष्यंताच्या शिकारीच्या तळावर भांडी नव्हती, म्हणून शूल्य. सोमेश्वराकडे भांड्यांना काय तोटा, पण त्यानं शूल्य ठेवलं कारण शिकारीची चव त्याला महालात हवी होती. भोयाचं अर्धं आयुष्य काठावर, घरापासून लांब. शेतावर राखणीला गेलेला गडी, माळकऱ्याचा मांसाहारी मुलगा, रमजानच्या रात्री रस्त्यावर शेगडी मांडणारा कबाबवाला, आणि आता चार रस्ते भेटतात तिथला ढाबा. सळई पिढ्यान्पिढ्या उंबऱ्याबाहेर राहिली. म्हणून घरातल्या बाईच्या भांड्यांत ती सापडत नाही, आणि म्हणूनच घराच्या आठवणीत ती परकी ठरली. जे घरात नाही ते आपलं नाही, असं आपण समजून बसतो.

उन्हाळ्यात मात्र घरच बाहेर येतं. मराठवाड्यातला उन्हाळा ज्यानं काढला त्याला हे सांगायला नको. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की स्वयंपाकघरात बसवत नाही. चूल परसात मांडली जाते, बाजा अंगणात पडतात. भाजीपाला सुकून गेलेला असतो, वांगी कडवट होतात. अशा दिवसांत बाजारातून कागदात बांधून बोंबील यायचे. आजी ते आजोबांच्या वाटेला जाऊ द्यायची नाही, पण परसातल्या चुलीवर पोरांसाठी भाजायची, आजोबा कीर्तनाला गेले की.

बोंबील ही आमच्या वाट्याला आलेली समुद्राची वस्तू. ताजा बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच, शंभरातले नव्वद भाग. पकडल्यावर तासाभरात मऊ पडतो, म्हणून सातपाटी, वसई, उत्तन, वर्सोवा या किनाऱ्यावरच्या कोळणी तो बांबूच्या वलांड्यांवर सुकवतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. पावसाळा सरल्यावरचं ऊन आणि खारा वारा, एवढ्यावर तो काडीसारखा कडक होतो आणि मग कुठंही जातो. पूर्वी मीठ घेऊन लमाणांचे तांडे घाट चढायचे. १९००च्या सुमारास निजामाची मनमाड-हैदराबाद रेल्वे झाली आणि मराठवाडा मुंबईला जोडला गेला. आज आमच्याकडच्या कुठल्याही आठवडी बाजारात एका कडेला बोंबील, सुकट, जवळा यांचे ढीग असतात आणि वास कोणीकडे जायचं ते सांगतो.

आजीची रीत अशी. भाकरी तव्यावर टाकली की चुलीतले निखारे चिमट्यानं तोंडाशी ओढायचे. बोंबलाचं डोकं, शेपूट आणि कल्ले मोडून काढायचे. मग बोंबील थेट निखाऱ्यावर. चार-पाच श्वास घ्यावेत एवढ्यात तो फुगतो, कडा तांबूस होतात, तडतड असा बारीक आवाज येतो. उलटायचा, पुन्हा तेवढाच वेळ. राख झटकून पाट्यावर लसूण, मीठ आणि लाल तिखटासोबत ठेचायचा, वर करडीचं कच्चं तेल. दुसरी भाकरी फुगायच्या आत ताट तयार. उन्हाळ्याच्या रात्री यापेक्षा लवकर होणारं जेवण मला माहीत नाही. आम्ही त्याला कोरड्यास म्हणायचो, भाकरीला लावून खायचं ते कोरड्यास, मग ते वरण असो, ठेचा असो की बोंबील. पुढं कौटिल्याचं ‘अर्थशास्त्र’ वाचताना कोठाराची यादी समोर आली. त्यात वाळवलेला मासा शाकवर्गात मोजलाय, कंदमुळांच्या आणि भाज्यांच्या पंगतीत. आजीचाही हिशेब तोच होता.

आता तिखटाचं. सोमेश्वराच्या मसाल्यात मिरे आहे, आलं आहे, हिंग, मोहरी, जिरं आहे. मिरची नाही, कारण ती तेव्हा या देशातच नव्हती. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून ती अमेरिकेहून गोव्याच्या बाजूला उतरली. मिऱ्यासारखी झोंबते म्हणून मिरची. मिरे मलबारातून विकत आणावं लागे, मिरची परसात उगवली. गरिबाच्या ताटात तिखट आलं ते तिच्यामुळे, आणि काठावरच्या भोयाच्या पुडीत लाल पूड आली तीही तिच्यामुळेच. ढाब्यावरचा पोरगा धर्माबादची मिरची वापरतो, नांदेड जिल्ह्यातलीच. हळद तर आमच्या हिंगोली जिल्ह्याचीच. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. फेब्रुवारी-मार्चमध्ये या रस्त्यानं गेलात तर शेताशेतात हळद शिजवण्याची वाफ दिसते आणि पुढं कितीतरी दिवस खळ्यांवर पिवळे सडे वाळत असतात.

मीठ, हळद आणि चिंच, हा क्रम नऊशे वर्षांत बदलला नाही, त्याला कारण आहे. गोड्या पाण्यातल्या माशाला एक मातकट वास असतो. तळ्यातल्या, धरणातल्या माशाला तर फारच. तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पाण्यातले आणि मातीतले सूक्ष्म जीव ते तयार करतात आणि माशाच्या अंगात ते मुरतं. पहिल्या पावसानंतर तापलेल्या जमिनीतून जो गंध उठतो आणि आपण छाती भरून घेतो, त्यातही हेच द्रव्य असतं. रोहिणीच्या सरीनंतर अंगणात जे हवंहवंसं वाटतं तेच ताटातल्या माशाला आलं की नकोसं होतं. आंबटात जिओस्मिन मोडतं. मासा शिळा व्हायला लागला की येणारा दुसरा वास आंबटानं दबतो. मिठानं पाणी सुटतं आणि त्याबरोबर वरची बुळबुळ निघून जाते, म्हणून मीठ आधी आणि आंबट नंतर. सोमेश्वरानं मासा फडक्यात दाबायला सांगितलं ते याचसाठी; ओला मासा निखाऱ्यावर भाजत नाही, वाफेत शिजतो. आणि आमच्याकडे नवी चिंच नेमकी फाल्गुन-चैत्रात झाडावरून उतरते, डोह आटायच्या वेळी.

मामाच्या काडीवर मरळ असायची, ढाब्याच्या सळईवर कटला. या बदलामागं एक तारीख आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. त्यांना वाहतं, फुगलेलं पाणी लागतं. त्यामुळे तळ्यात सोडायचं तर नदीतून पिल्लं धरून आणण्यावाचून इलाज नव्हता. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन तलावात घडवून दाखवलं. तो दिवस आज देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर धरणं आली. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर १९६८ साली, पैनगंगेवर ईसापूर १९८२ साली. जिथं शेतं होती, गावं होती, तिथं पाणी पसरलं. त्या पाण्यात मत्स्यजिरे आणि बोटुकली सोडली जाऊ लागली, भोयांच्या सहकारी संस्थांनी ठेके घेतले. जिरं आणि बोट, माशाच्या पिल्लाला इतके नेमके शब्द देणारा कोण होता कळत नाही, पण मला हे शब्द फार आवडतात. आज धरणाचा माल कमी पडला की आंध्रातून, भीमवरम-कोल्लेरूच्या तळ्यांतून बर्फात भरलेली खोकी येतात. मरळ महाग झाली, वाम क्वचित दिसते. कयाधूत पूर्वीसारखे डोह राहिले नाहीत, वाळू उपसली गेली. मामाच्या काडीवरचा मासा आता त्या नदीत नाही, याचं दुःख मला आहे आणि ते लपवावंसं वाटत नाही.

या मे महिन्यात बहिणीची मुलं सुट्टीला आली होती. त्यांना घेऊन मी पुन्हा फाट्यावर गेलो, खिचडी खाऊ घातली, आणि येताना बाजारातून दोन किलो रोहू आणला. घरात माय आहे. आजोबांमागं तिनंही माळ घातली, त्याला वीस वर्षं झाली. त्यामुळे रीत ठरलेली, अंगणात. लोखंडी सळया मी नांदेडहून आणल्या होत्या, चपट्या. भरताची वांगी भाजायची जाळी दोन विटांवर ठेवली, खाली कोळसा. अर्धापूरहून आणलेली केळीची पानं धुऊन बाजूला. पोरांनी मासा धुतला आणि थोरल्यानं तिखट-ओव्याचा डबा उघडला.

माय दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात वाटी होती, नव्या चिंचेचा दाट कोळ, शिरा आणि चिंचोके काढून गाळलेला. मासा शिजत असेल तिथं ती पाऊल टाकत नाही. तिनं वाटी उंबऱ्यावरून पुढं केली, पोरीनं अंगणातून हात लांबवून घेतली.

"थांब, आंबट नको लावू अजून," ती आतूनच म्हणाली. "आधी मीठ लावलं का? पाणी सुटू दे. मग फडक्यात धर आन दाब."